भंगाळे काकांची न वळणारी गाडी

भंगाळे काकांनी आयुष्यात तीस वर्षं गाडी चालवली, पण एकदाही वळवली नाही.

यात त्यांचा काही दोष नाही. ते रेल्वेत लोको पायलट होते. इंजिनात ब्रेक असतो, हॉर्न असतो, डझनभर काटे असतात, फक्त स्टिअरिंग नसतं. वळण आलं की रूळ वळतात आणि गाडी मुकाट्याने त्यांच्या मागे जाते. त्यामुळे वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी काकांनी पहिल्यांदा आमच्या कॉम्प्युटरवर रेसिंग कार चालवली, तेव्हा पहिल्या वळणापर्यंत ती फार सुंदर चालवली. वळणावर ते शांत बसून राहिले. गाडी सरळ गेली, गवतात शिरली आणि टायरांच्या भिंतीला जाऊन टेकली. काकांचे दोन्ही हात मांडीवर होते.

“काका, वळवायची होती,” मी म्हणाले.

“मी?” काका म्हणाले.

मी झाँशीतल्या एका कॉलेजात बी.सी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे कॉम्प्युटरसमोर बसून मी जे काही करते त्याला घरी अभ्यास समजतात. हा गैरसमज मी अजून दूर केलेला नाही. दर रविवारी मी ‘प्रोजेक्टला जाते’ म्हणून निघते ती खरं तर ऑनलाइन कार शर्यतीला जाते. ठिकठिकाणचे लोक आपापल्या घरी टेबलाला स्टिअरिंग बांधून बसतात आणि पडद्यावरच्या एकाच ट्रॅकवर एकमेकांशी शर्यत लावतात. गाड्या खोट्या असतात, ट्रॅक खोटा असतो. नियम, दंड आणि भांडणं मात्र खरी असतात.

या नादाला मला अनुरागने लावलं. तो माझ्या वर्गात आहे, टहरौलीचा. खंडेराव गेटजवळ भंगाळे काकांचं घर आहे, त्याच्या वरच्या खोलीत तो भाड्याने राहतो. ग्वाल्हेरच्या चुलतभावाने टाकून दिलेलं एक स्टिअरिंग आणि पेडल त्याने उचलून आणलं होतं. ते त्याने टेबलाला सुतळीने बांधलं. अनुराग गाडी वळवायचा तेव्हा टेबल वळायचं, टेबलाबरोबर जमीन हादरायची आणि खाली काकांच्या कपात चुन्याचे पोपडे पडायचे. तिसऱ्या दिवशी काका कप घेऊनच वर आले.

“अंकल जी, रेस चल रही है,” अनुराग म्हणाला.

“और मेरी चाय में छत चल रही है,” काका म्हणाले.

पण मग त्यांचं लक्ष पेडलकडे गेलं. ते गुडघे धरून खाली बसले, हाताने ब्रेक दाबून पाहिला, सोडला, पुन्हा दाबला. “ये ब्रेक ढीला है,” ते म्हणाले. “इस ब्रेक पर मैं गाड़ी यार्ड से बाहर नहीं निकालता.” अनुरागने पुढची शर्यत संपवली तेव्हा काका मागे उभेच होते आणि चहावर साय धरली होती.

त्याच आठवड्यात सगळं सामान खाली काकांच्या बैठकीत आलं. तिथे इन्व्हर्टर होता. माझ्या वडिलांनी लोखंडी अँगलचा स्टँड जोडून दिला. ते बिजौलीला एका छोट्या कारखान्यात वेल्डर आहेत. बी.सी.ए.च्या प्रोजेक्टला स्टिअरिंग कशाला लागतं, हे त्यांनी विचारलं नाही. “यावरून मालगाडी गेली तरी हलणार नाही,” एवढंच म्हणाले. काकांनी स्टँड दोन्ही हातांनी हलवून पाहिला आणि म्हणाले, “मालगाडी जाणार नाही इथून. पण विचार चांगला आहे.”

सामान खाली आलं म्हणूनच मलाही तिथे जाता येऊ लागलं. अनुरागच्या खोलीवर जायला आईने कधीच परवानगी दिली नसती. भंगाळ्यांच्या बैठकीला मात्र तिची हरकत नव्हती, कारण तिथे काकू होत्या आणि मराठी होती. आमच्या या गावात मराठी घरं मोजकीच, त्यामुळे जिथे मराठी बोलतात तिथे फार वाईट काही घडत नाही, असं आईचं मत आहे.

आमच्या लीगमध्ये एका गाडीला तीन ड्रायव्हर लागतात. एकाने चालवायची, मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. आम्ही दोघंच होतो. तिसरे भंगाळे काका झाले.

वळायला ते महिनाभरात शिकले. पण बाकीचं काही सोडायला तयार नव्हते. शर्यतीआधी ते अंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालतात. मग आम्हा दोघांना समोर उभं करतात. रेल्वेत ड्युटीवर चढण्याआधी तोंडाचा वास तपासतात, दारू प्यायली आहे का म्हणून. काकांकडे ते यंत्र नाही, त्यामुळे ते स्वतःच वाकतात.

“फूंक,” ते अनुरागला म्हणतात. अनुराग फुंकतो.

“समोसा,” काका म्हणतात. “चलेगा.”

ट्रॅकच्या वळणांना काकांनी स्टेशनांची नावं दिली आहेत. पहिलं वळण बबिना, पुढचं मोठं वळण तालबेहट, मग लांब सरळ रस्ता आणि शेवटी ललितपूर. ललितपूरनंतर पुन्हा झाँशी येते, याचा त्यांना फार दिवस त्रास झाला. “एवढं पळायचं आणि परत तिथंच? पार्सल तरी उतरवा,” ते म्हणायचे. आता आम्हीही तीच नावं वापरतो. मागे एकदा अनुरागने दुसऱ्या संघातल्या पोराला सांगितलं की तालबेहटला ब्रेक जरा आधी लाव, तर त्या बिचाऱ्याने तालबेहट नकाशात शोधलं.

शर्यतीत सगळे एकमेकांशी हेडफोनवरून बोलू शकतात. बाकीचे बोलतात ते इथे लिहिता येणार नाही. काका मात्र आधी आपली ओळख देतात. “राम राम. झाँसी से भंगाले बोल रहा हूँ. पीछे सत्ताईस नंबर, आप मेल हैं कि मालगाड़ी?” कारण रेल्वेत मागून मेल आली की मालगाडीने बाजूला व्हायचं असतं. पोरांना हे लवकरच कळलं. जो तो “मेल, अंकल जी” म्हणायचा आणि काका अदबीने बाजूला व्हायचे. कानपूरच्या एका सरळ मुलाने एकदा “मालगाड़ी” असं खरं खरं सांगितलं. काकांनी त्याला सहा फेऱ्या पुढे जाऊ दिलं नाही.

पण कहर झाला तो त्यांच्या पहिल्या शर्यतीत. शर्यत सुरू होताना पाच लाल दिवे लागतात आणि ते एकदम विझले की सुटायचं असतं. दिवे लागले, विझले. सगळ्या गाड्या गरजत निघाल्या. काका ब्रेकवर पाय ठेवून बसून राहिले.

“अंकल जी, जाइए,” अनुराग ओरडला.

“सिग्नल विझला,” काका माझ्याकडे बघून म्हणाले.

“हो काका, विझला की निघायचं असतं.”

“विझलेला सिग्नल म्हणजे लाल सिग्नल. स्टेशन मास्टरचा लेखी कागद आल्याशिवाय मी हलणार नाही.”

एवढ्यात मागच्या दोन गाड्या आमच्यावर येऊन आदळल्या. काकांनी आरशात पाहिलं. “बघ,” ते म्हणाले, “दोघांनीही नियम पाळला नाही.”

आमची लीग हर्षित नावाचा इंदूरचा मुलगा चालवतो. तो एकोणीस वर्षांचा आहे. त्याने काकांना मेसेज केला, “अंकल क्या हुआ था?” काकांनी रेषांच्या कागदावर दोन पानी उत्तर लिहिलं आणि त्याचा फोटो मला पाठवायला लावला. “सेवा में, श्रीमान लीग व्यवस्थापक महोदय. सविनय निवेदन है कि गाड़ी संख्या चौवालीस प्रारंभ स्थल पर सिग्नल बुझ जाने के कारण नियमानुसार खड़ी रही.” खाली सही, आणि सहीखाली ‘लोको पायलट (मेल), सेवानिवृत्त’. हर्षितचं उत्तर आलं, “ओके अंकल.”

काकांना ते आवडलं नाही. “जावक क्रमांक नाही यावर,” ते म्हणाले.

शेवटी आम्ही तोड काढली. दिवे विझले की मी शेजारून “गार्डची झंडी” म्हणायचं, मग काका सुटणार. त्यामुळे सुरुवात काकांची असली की आमची गाडी दीड सेकंद उशिरा निघते. काकांच्या हिशेबात याला राइट टाइम म्हणतात.

हे वाचून कोणाला वाटेल की काका ड्रायव्हर म्हणून वाईट असतील. तसं नाही. ब्रेक लावण्यात सबंध लीगमध्ये त्यांच्यासारखा कोणी नाही. टायर बदलायला गाडी एका चौकोनात नेमकी उभी करायची असते. आम्ही तिथे मागेपुढे करत बसतो. काका येतात आणि पाणी थांबावं तसे थांबतात. “शेवटच्या डब्यातल्या माणसाच्या चहाला कळता कामा नये,” हे त्यांचं वाक्य आहे. आपल्या गाडीला डबे नाहीत, असं मी एकदा बिचकत म्हणाले. “म्हणून काय धक्का द्यायचा?” काका म्हणाले.

आता त्या स्टुलाबद्दल सांगायला हवं. इंजिनात ड्रायव्हर डावीकडे बसतो आणि असिस्टंट उजवीकडे. तसं काकांनी आपल्या खुर्चीच्या उजवीकडे एक स्टूल ठेवलं, आणि ते गाडी चालवतात तेव्हा आमच्यापैकी एकाने तिथे बसावंच लागतं. पहिल्याच दिवशी त्यांनी कायदा समजावला. सिग्नल दिसला की ड्रायव्हर मोठ्याने रंग सांगतो, असिस्टंट स्वतः बघून तोच रंग मोठ्याने परत म्हणतो. दोघांचं जुळलं तरच गाडी पुढे. आमच्या शर्यतीत ट्रॅकच्या कडेला दिव्याच्या पाट्या असतात. पिवळी पाटी पेटली की पुढे कोणीतरी आपटलं आहे. वेग कमी करायचा आणि कोणाला ओलांडायचं नाही. हिरवी लागली की रस्ता मोकळा.

स्टुलावर बहुतेक मीच असायचे. अडचण माझ्या आवाजाची होती. वर्गात हजेरीचं ‘येस मॅडम’सुद्धा मला दोनदा म्हणावं लागतं. काकांना ते मुळीच चालायचं नाही.

“सिग्नल?”

“हिरवा,” मी पुटपुटायचे.

“कोणाला सांगतेस? स्टिअरिंगला? जरा मोठ्यानं.”

“हिरवा.”

“हिरवा,” काका म्हणायचे आणि निघायचे.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती, पण मी तिचा विचार केला नाही. कायद्याप्रमाणे रंग आधी ड्रायव्हरने सांगायचा असतो. काका कधीच सांगत नसत. ते फक्त “सिग्नल?” असं विचारायचे आणि आम्ही जे म्हणू ते परत म्हणायचे. मला वाटायचं, आम्हाला तयार करत आहेत.

मग एका रविवारी मी स्टुलावर असताना आईचा फोन आला. मी अंगणात गेले, अनुराग वर चार्जर आणायला गेला होता. परत आले तर पडद्यावर दंड लागलेला. काकांनी पिवळ्या दिव्यात दोन गाड्या ओलांडल्या होत्या. माझा विश्वासच बसेना. विझलेल्या दिव्यासमोर लेखी कागद मागणारा माणूस पिवळ्यातून थेट निघून गेला होता. पुढच्या रविवारी काकूंनी मला स्वयंपाकघरातून हाक मारली, मी मान वळवून ओ दिली, आणि तेवढ्या वेळात पुन्हा तेच झालं.

यावेळी काकांनी हर्षितला पत्र लिहिलं नाही. “माझी चूक आहे. तसंच कळव,” एवढंच म्हणाले.

लीगचा नियम असा की एका सीझनमध्ये तिसऱ्यांदा पिवळा चुकवला तर ड्रायव्हरचं नाव यादीतून जातं, आणि पुन्हा घेत नाहीत. सीझनची एक शर्यत उरली होती. म्हणजे काकांना अर्धा तास गाडी चालवायची होती आणि त्यात एकही पिवळा चुकवायचा नव्हता. नाहीतर भंगाळे काका शर्यतीतून बाद.

मधल्या आठवड्यात मी एकदा त्यांच्याकडे गेले, तर काका बाहेर गेले होते. काकू मटार सोलत होत्या.

“ये माय, बस,” त्या म्हणाल्या. “नाव कापणार आहेत म्हणे यांचं?”

“अजून एक चूक झाली तरच, काकू.”

“जेवण नीट नाही दोन दिवस. मागच्या वेळी कापलं तेव्हा तर सहा महिने तोंड उघडलं नव्हतं.”

“मागच्या वेळी?”

काकूंनी शेंगा बाजूला केल्या. माझ्याकडे न बघता सांगितलं. रेल्वेत ड्रायव्हर लोकांचे डोळे ठरावीक वर्षांनी तपासतात. निवृत्तीला चार वर्षं होती तेव्हा त्या तपासणीत काकांचे रंग चुकले. पिवळा आणि हिरवा लांबून त्यांना सारखेच दिसायला लागले होते.

“डॉक्टरांनी बरोबरच केलं,” काकू म्हणाल्या. “मागं हजार माणसं बसलेली असतात. पण त्या दिवशी इंजिनावरून उतरवलं ते उतरवलंच. मग ऑफिसात बसवलं. दुसऱ्या ड्रायव्हरांना फोन करायचे, उठा, तुमची गाडी आहे. ड्रायव्हरची लोखंडी पेटी असते ना, ती मात्र रोज घेऊनच निघायचे घरातून. शेजाऱ्यांना कळू नये म्हणून. चार वर्षं. पेटीत काय, तर पोळीभाजीचा डबा.”

“म्हणजे काका शेवटची गाडी…”

“कुठली शेवटची गाडी? शेवटच्या दिवशी इंजिनाला फुलं लावतात, घरची माणसं स्टेशनात घ्यायला जातात. मी साडी घेऊन ठेवली होती. यांना खुर्चीवर बसवून हार घातला.” त्यांनी एक शेंग उचलली, सोलली. “तुला सांगितलं हे त्यांना सांगू नको.”

मी घरी आले ती सरळ कॉम्प्युटरसमोर बसले. आई म्हणाली, किती अभ्यास करते पोरगी. रंग नीट न दिसणाऱ्यांसाठी खेळात काहीतरी सोय असणार, असं मला वाटलं, आणि ती होती. एक बटण दाबलं की दिव्याच्या जोडीला पडद्याच्या कोपऱ्यात रंगाचं नाव ठळक अक्षरांत लिहून येतं. इतकं सोपं. आता प्रश्न एवढाच होता की काकांना सांगायचं कसं. काका, तुम्हाला रंग कळत नाहीत ना, मग हे घ्या, असं मी त्यांना तोंडावर म्हणणं शक्य नव्हतं. मी तर रिक्षावाल्याला ‘इथे थांबवा’ हेसुद्धा घर मागे गेल्यावर म्हणते.

म्हणून मी सांगितलंच नाही. शेवटच्या शर्यतीच्या रविवारी सकाळी धूळ पुसायच्या निमित्ताने गेले आणि ते बटण दाबून आले. अक्षरं दिसली की काका वाचतील, त्यांना विचारावं लागणार नाही आणि मला काही कळलंय हे त्यांना कळणार नाही, असा माझा बेत होता.

शर्यत चारला सुरू झाली. आधी मी चालवली, मग अनुरागने. मी बाराव्या नंबरवर आणलेली गाडी त्याने चौदाव्या नंबरवर नेली आणि त्याचा दोष बबिन्याला दिला. मग काका बसले. शर्टाच्या बाह्या नीट केल्या, चष्मा पुसला. मी उजवीकडच्या स्टुलावर बसले. अनुराग मागे भिंतीला टेकून फोनवर नंबर बघत उभा होता.

वीस मिनिटं काही झालं नाही. “सिग्नल?” “हिरवा.” “हिरवा.” असं चाललं होतं. मी निर्धास्त होते, त्यामुळे माझा आवाज नेहमीपेक्षाही बारीक होता.

मग तालबेहटच्या अलीकडे एक गाडी गरगर फिरली आणि आडवी झाली. पाटी पिवळी झाली. मी कोपऱ्याकडे पाहिलं, अक्षरांची वाट पाहत. अक्षरं आली नाहीत. आधीही एकदाही आली नव्हती, हे मला तेव्हा कळलं.

“सिग्नल?” काका म्हणाले.

सकाळी मी नीट बटण दाबलं नाही का, दुसरंच काही दाबलं का, असलं काहीतरी मी शोधत राहिले. पुढची गाडी पिवळा बघून हळू झाली होती. काका वेगात तिच्या मागे चालले होते. ते तिला ओलांडणार, मग दंड, मग यादी.

“सिग्नल?” काका पुन्हा म्हणाले. यावेळी आवाज खाली होता. त्यांची नजर पडद्यावर नव्हती. ते माझ्याकडे बघत होते.

“पिवळा! काका, पिवळा!”

मी एवढ्या मोठ्याने आयुष्यात बोलले नव्हते. अनुरागचा फोन हातातून पडला. स्वयंपाकघरातून काकूंनी “काय झालं?” म्हणून विचारलं.

“पिवळा,” काका म्हणाले, आणि ब्रेक लावला. काय लावला. एवढ्या वेगातली गाडी पुढच्या गाडीच्या मागे अशी अलगद येऊन सरकायला लागली, जणू दोघी एकाच इंजिनाला जोडल्या होत्या. मागून तीन गाड्या भर्रकन आम्हाला ओलांडून गेल्या.

“अंकल जी, तीन निकल गए,” अनुराग कळवळला.

“जाने दे. सिग्नल तोड़ने वाले कहीं नहीं पहुँचते.”

आणि झालंही तसंच. त्या तिघांना पिवळ्यात ओलांडल्याबद्दल दंड झाला, आडवी झालेली गाडी मागेच राहिली आणि शर्यत संपली तेव्हा आमची गाडी तेरावी होती. याआधी आम्ही पंधराच्या वर कधी आलो नव्हतो. हर्षितने हेडफोनवर सगळ्यांसमोर सांगितलं, “चौवालीस नंबर, अंकल, क्लीन.” कानपूरच्या मुलाने “मालगाड़ी ज़िंदाबाद” म्हटलं. काकांनी सगळ्यांना राम राम केला आणि हेडफोन काढून ठेवला.

अनुराग समोसे आणायला धावला. बैठकीत आम्ही दोघंच राहिलो.

“मधेच गप्प का झालीस?” काकांनी विचारलं.

“मला वाटलं, अक्षरं येतील.”

बोलले आणि जीभ चावली. पण काकांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

“ती मी बंद केली,” ते म्हणाले. “दुपारी सरावाला बसलो तर कोपऱ्यात लिहून आलं. चांगलं मोठं अक्षर आहे, बिनचष्म्याचं दिसतं. मग ते बटण हुडकण्यात माझा अर्धा तास गेला.”

“पण काका, आज चुकलं असतं तर नाव गेलं असतं.”

“गेलं असतं.”

“मग बंद का केलंत?”

काकांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला लागले. तो स्वच्छच होता.

“तुझ्या काकूंनी सांगितलं का तुला?” ते म्हणाले.

“नाही.”

“खोटं बोलताना आवाज बरा निघतो तुझा.” मग म्हणाले, “अगं, लिहून आलं असतं तर मी वाचलं असतं. वाचता येतं मला. पण मग या स्टुलावर बसायला कोणाला काय कारण? चार रविवार तू बसली असतीस, भिडस्त आहेस म्हणून. पाचव्या रविवारी म्हणाली असतीस, काका, तुम्ही चालवा, मी घरून बघते. अनुरागनं तर पहिल्याच रविवारी म्हटलं असतं.”

मी नाही म्हणणार होते. पण ते खरं होतं की नाही, हे मला तेव्हा कळेना.

“परीक्षा कधी संपते तुझी?” काकांनी विचारलं.

“मे महिन्यात.”

“मग नोकरी.”

“लागली तर. नोएडा नाहीतर पुणे.”

“लागेल,” काका म्हणाले. त्यांनी चष्मा घातला आणि पडद्याकडे पाहिलं. “मेपर्यंत पुढचा सीझन बसतो. हर्षितचा फॉर्म आला असेल, आत्ताच भरून टाक.”

मी फोन काढून फॉर्म उघडला. ड्रायव्हरच्या नावांसाठी एकाखाली एक तीन रकाने होते. पहिल्या रकान्यात मी सवयीने काकांचं नाव घातलं. ते माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते.

“खोड ते,” काका म्हणाले. “आधी तुझं घाल. तू येणार असशील तर खाली माझं.”